पश्चिमेला दिसलेला अग्निगोल : तो कुठे विझला आणि त्याची नोंद कशी करावी

प्रश्न : आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. गेल्या शनिवारी रात्री नऊच्या सुमारास घरची मंडळी गच्चीवर बसली असताना पश्चिमेकडे हिरवट पांढऱ्या प्रकाशाचा एक गोळा खाली येताना दिसला. चार-पाच सेकंदांत तो नारिंगी झाला, त्याचे तीन तुकडे झाले आणि समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीच्या जरा वर तो विझला. क्षणभर कठड्याची सावली गच्चीवर पडली होती. आवाज मात्र आला नाही. माझे मेहुणे म्हणतात की, तो पादऱ्याच्या शेतांत पडला असणार आणि आपण जाऊन शोधायला हवे. हे नेमके काय होते, ते कुठे पडले असेल आणि याची माहिती कोणाला व कशी द्यावी?

उत्तर : आपण दिलेल्या वर्णनावरून तो अग्निगोल, म्हणजे अतिशय तेजस्वी उल्का होती, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो. प्रत म्हणजे आकाशातील वस्तूचे तेज मोजण्याचे माप, आणि ती जितकी अधिक उणे तितके तेज अधिक. उणे 4 प्रतीपेक्षा, म्हणजे ढोबळपणे शुक्रापेक्षा तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. आपण पाहिलेला गोळा त्याहून पुष्कळ तेजस्वी असला पाहिजे, कारण शहराच्या मध्यवस्तीत, रस्त्यावरचे दिवे चालू असताना, कठड्याची सावली डोळ्यांना जाणवावी यासाठी पौर्णिमेच्या चंद्राइतका तरी प्रकाश लागतो आणि पूर्णचंद्राची प्रत उणे 12.7 इतकी असते. सावलीचा हा तपशील आपण आवर्जून लिहिलात याचे मला समाधान वाटते. ‘डोळे दिपले’ यासारख्या शब्दांवरून तेजाचा अंदाज बांधता येत नाही. सावलीवरून बांधता येतो.

दुसऱ्या शक्यता तपासून बाजूला सारणे मात्र आवश्यक आहे. उत्तरायणाच्या दिवसांत आपल्याकडे पतंगाच्या दोरीला बांधून सोडलेली टुक्कले किंवा वाऱ्यावर जाणारे कागदी कंदील पाहून अनेकजण अग्निगोल दिसल्याचे कळवतात, परंतु ते दिवे कित्येक मिनिटे तरंगत राहतात आणि त्यांचा रंग नारिंगीच असतो. विमानाचे पुढचे दिवे एका जागी स्थिर असल्यासारखे दिसतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक काही मिनिटे शांतपणे आकाश ओलांडते आणि त्याचे तुकडे होत नाहीत. खरा गोंधळ होतो तो वातावरणात परतणाऱ्या अवकाश कचऱ्यामुळे. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधील असंख्य लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या तुकड्यांची रांग पाहिली. ती चीनच्या लाँग मार्च 3बी प्रक्षेपकाच्या एका टप्प्याची होती आणि त्याचे काही भाग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात जमिनीवर मिळाले. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला 8 किलोमीटरपेक्षा कमी वेगाने आणि जवळजवळ आडव्या मार्गाने वातावरणात शिरते, म्हणून ती अर्धा मिनिट, कधी त्याहूनही अधिक काळ दिसत राहते. उल्का सेकंदाला किमान 11 आणि कमाल सुमारे 72 किलोमीटर वेगाने येते व बहुधा काही सेकंदांतच संपते. आपल्या गोळ्याची चार-पाच सेकंदे थोडी ताणलेली असतील, असे गृहीत धरले तरी तो उल्केच्याच बाजूला पडतो.

आता मेहुण्यांच्या तर्काकडे वळू, कारण अग्निगोल पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबात हा तर्क निघतो आणि तो जवळजवळ नेहमीच चुकतो. अग्निगोल जमिनीपासून साधारण 100 किलोमीटर उंचीवर पेटतो. त्याचा प्रकाश मावळतो तो मोठ्या आणि सावकाश येणाऱ्या खड्याच्या बाबतीत 20 ते 30 किलोमीटर उंचीवर, आणि इतरांच्या बाबतीत 50 किंवा त्याहूनही अधिक उंचीवर. पादरा आपल्या घरापासून 15 किलोमीटरच्या आसपास आहे. त्या गावाच्या माथ्यावर 30 किलोमीटर उंचीवर काही विझले असते, तर ते आपल्याला क्षितिजापासून साठ अंशांहूनही अधिक वर, मान चांगलीच मागे टाकल्यावर दिसले असते. आपण तर समोरच्या टाकीच्या जरा वर पाहिले. ती टाकी आपल्या नजरेला क्षितिजापासून 10 अंशांवर आहे असे धरले आणि पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब केला, तर 30 किलोमीटर उंचीवर विझलेला गोळा आपल्यापासून सुमारे 160 किलोमीटर दूर असला पाहिजे आणि 50 किलोमीटर उंचीवर विझलेला सुमारे 250 किलोमीटर दूर. बडोद्याहून सरळ पश्चिमेला 160 किलोमीटरवर बोटादचा परिसर येतो आणि 250 किलोमीटरवर राजकोट. त्यामुळे पादऱ्याला जाण्याचा बेत सोडून द्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

दूरवरची तेजस्वी वस्तू जवळ भासते, कारण तिचे अंतर मोजण्याचे कोणतेही साधन आपल्या डोळ्यांपाशी नसते. वस्तू परिचित नाही, तिचा आकार ठाऊक नाही आणि रात्री मध्ये तुलनेला काही नसते. तो खाली आला असे जे वाटते, त्यातही दृष्टीचा भाग मोठा आहे. लांबलचक सरळ रस्त्यावरचे दिवे सारख्याच उंचीचे असूनही दूरचे दिवे जमिनीकडे उतरत गेलेले दिसतात, त्याचप्रमाणे आपल्यापासून दूर जाणारा अग्निगोल क्षितिजाकडे उतरतो.

आपली नोंद किती मोलाची ठरू शकते, हे आपल्याच राज्यातील एका घटनेवरून समजेल. 28 जानेवारी 1976 च्या रात्री साडेआठनंतर थोड्या वेळाने गुजरातच्या मोठ्या भागातून एक प्रखर अग्निगोल दिसला आणि सुरेंद्रनगर जिल्ह्यात धजाळा गावाच्या परिसरात त्याचे दगड विखुरले. जमा झालेल्या दगडांचे एकूण वजन सुमारे 45 किलो भरले. त्या काळी आकाशावर रोखलेले कॅमेरे आपल्याकडे नव्हते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दगड गोळा केले आणि प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यावरून अग्निगोलाचा वातावरणातील मार्ग ठरवला गेला. त्यावरून तो खडा सूर्याभोवती कोणत्या कक्षेत फिरत होता, याचेही गणित मांडले गेले. ज्यांनी केवळ दिशा आणि उंची सांगितली, अशा सामान्य माणसांच्या साक्षीवर ते गणित उभे आहे. धजाळा बडोद्यापासून साधारण 180 किलोमीटरवर, जवळजवळ नेमके पश्चिमेला आहे. म्हणजे तो गोळा शेवटच्या टप्प्यात बडोद्याच्या गच्च्यांवरून क्षितिजापासून आठ-नऊ अंशांवर, घरांच्या छपरांलगत दिसला असणार. त्याही रात्री अनेकांना तो शेजारच्याच गावात पडल्यासारखा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. साक्षीचे हे महत्त्व तसे जुने आहे. फ्रान्समध्ये लेगल येथे 26 एप्रिल 1803 रोजी हजारो दगड पडले, तेव्हा जाँ-बाप्तिस्त बियो या शास्त्रज्ञाने गावोगाव फिरून लोकांच्या जबान्या घेतल्या, आणि आकाशातून दगड पडतात हे युरोपातील विद्वानांनी त्यानंतर मान्य केले.

या गणिताचे तत्त्व सोपे आहे आणि ते समजले की, काय टिपायचे हे आपोआप कळते. आपला डोळा, अग्निगोल दिसू लागला तो बिंदू आणि तो विझला तो बिंदू, या तिघांतून एक प्रतल जाते. अग्निगोलाचा खरा मार्ग त्या प्रतलात कुठेतरी आहे, पण जवळ की दूर हे एकट्या आपल्या नोंदीवरून ठरत नाही. शंभर-दीडशे किलोमीटर अंतरावरच्या दुसऱ्या माणसाच्या नोंदीवरून दुसरे प्रतल मिळते, आणि ही दोन प्रतले जिथे एकमेकांना छेदतात ती रेषा म्हणजे अग्निगोलाचा मार्ग होय. म्हणून एकाच सोसायटीतल्या वीस जणांच्या नोंदींपेक्षा बडोद्यातली एक आणि भावनगरातली एक, या दोन नोंदी मला अधिक हव्याशा वाटतात. चुकीचा परिणामही लक्षात घ्यावा : दीडशे किलोमीटर अंतरावर 5 अंशांची चूक झाली, तर स्थान सुमारे 13 किलोमीटरने सरकते. दगड शोधणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक म्हणजे दुसराच तालुका असतो.

सर्वांत आधी एक काम करावे, आणि ते आज संध्याकाळपर्यंत उरकावे. गच्चीवर असलेल्या प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, इतरांशी न बोलता आपली आठवण स्वतंत्र कागदावर लिहावी. एव्हाना घरात चर्चा झालेलीच आहे. तरीही जे उरले आहे ते वेगवेगळे टिपलेले बरे. माणसाची आठवण इतरांच्या बोलण्याने झपाट्याने बदलते आणि ज्याचा आवाज मोठा, त्याचे वर्णन सर्वांचे होते. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेल्या चित्रफिती लिहून होईपर्यंत पाहू नयेत, कारण त्यांत जुन्या किंवा दुसऱ्याच देशातील चित्रफिती सर्रास मिसळलेल्या असतात. कागदांमध्ये विसंगती आढळली तर ती मिटवू नका, तशीच कळवा. त्या विसंगतीतूनच मोजमापात किती चूक असू शकते, हे आम्हाला समजते.

त्यानंतर रात्री नऊच्या सुमारास पुन्हा गच्चीवर जाऊन, त्या वेळी जिथे उभे किंवा बसलेले होतात तिथेच थांबावे. उंची मोजण्यासाठी हात पूर्ण लांब करून मूठ धरावी. ती आकाशात साधारण 10 अंश व्यापते आणि करंगळीची जाडी सुमारे 1 अंश. लहान मुलाचा हातही त्याच प्रमाणात लहान असल्याने हे माप सर्वांना चालते. आपल्या मुठीची खात्री करून घ्यायची असेल तर ध्रुवतारा पाहावा. बडोद्याहून तो क्षितिजापासून सुमारे 22 अंशांवर, म्हणजे दोन मुठींच्या किंचित वर दिसला पाहिजे. ही पडताळणी मी प्रत्येकाला करायला सांगतो, कारण उंचीचा अंदाज देताना माणसे हमखास जास्त सांगतात : तीस अंशांवरच्या वस्तूला ‘अर्ध्या आकाशात’ आणि पंचेचाळीस अंशांवरच्या वस्तूला ‘अगदी डोक्यावर’ म्हणतात. आपल्या बाबतीत टाकी हा उत्तम संदर्भबिंदू आहे. टाकीच्या वरच्या काठाची उंची मोजावी आणि गोळा त्याच्या किती बोटे वर विझला, ते वेगळे लिहावे. सुरुवातीचा बिंदू सहसा धूसर आठवतो, कारण नजर तिकडे वळेपर्यंत अग्निगोल बराच पुढे आलेला असतो. म्हणून ‘पेटला तिथे’ आणि ‘मला प्रथम दिसला तिथे’ यांत गल्लत करू नये. त्या वेळी जवळपास एखादा ओळखीचा तारा असेल, व्याध, कृत्तिका किंवा अभिजित, तर त्याच्या डावीकडे की उजवीकडे, एवढे लिहिले तरी फार उपयोग होतो.

दिशेसाठी मोबाइलच्या होकायंत्रावर पूर्ण भरवसा ठेवू नये. गच्चीत लोखंडी सळया, पंपाची मोटर आणि डिशचे खांब असतात आणि त्यांच्याजवळ काटा सहज दहा-पंधरा अंश भरकटतो. त्याऐवजी उपग्रह नकाशा उघडून आपल्या गच्चीवरील उभे राहण्याची जागा आणि त्या टाकीची जागा यांना जोडणारी रेषा पाहावी. त्या रेषेचा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला कोन म्हणजे दिगंश. नेमकी पश्चिम 270 अंशांवर येते. जुन्या बडोद्यातल्या घरांना हा एक लाभ आहे की, आजूबाजूला कळस, मिनार, बुरूज, टाक्या अशा नकाशावर ओळखता येणाऱ्या वस्तू भरपूर असतात.

वेळ मोबाइलवरची द्यावी आणि ती भारतीय प्रमाणवेळ आहे असे लिहावे. आंतरराष्ट्रीय नोंदी जागतिक वेळेत असतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. नेमका मिनिट आठवत नसेल, तर त्या वेळी कोणाला फोन केला होता का, छायाचित्र काढले होते का, हे पाहावे. फोनमधील नोंदीवरून वेळ सापडते. अवधी ठरवताना डोळे मिटून प्रसंग मनात पुन्हा घडू द्यावा आणि दुसऱ्याने स्टॉपवॉचवर मोजावे. नुसत्या आठवणीने सांगितलेला अवधी बहुधा दुप्पट निघतो. रंगाबद्दल दोन शब्द पुरेत. मॅग्नेशियममुळे निळसर हिरवा आणि सोडियममुळे पिवळा-नारिंगी प्रकाश मिळतो, हवेतील वायूंचा प्रकाशही त्यात मिसळतो, आणि वेग जसा घटतो तसा गोळा तांबूस होत जातो. आपण सांगितलेला क्रम या दृष्टीने स्वाभाविक आहे. मात्र रंगावरून तो कशाचा बनलेला होता, हे ठरवता येत नाही.

आवाजाचा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. ध्वनीला 1 किलोमीटर कापायला सुमारे 3 सेकंद लागतात, म्हणून 40 किलोमीटर अंतरावरच्या स्फोटाचा गडगडाट दोन मिनिटांनी येतो, आणि दीडशे किलोमीटरवरचा बहुधा येतच नाही. आपल्याला काहीच ऐकू आले नाही, हीसुद्धा नोंद आहे आणि ती दूरच्या अंतराशी जुळते. पुढे कधी असा प्रखर प्रकाश दिसला, तर निदान पाच मिनिटे बोलणे थांबवून कान द्यावा आणि आवाज आला तर प्रकाशापासून किती वेळाने आला, ते मोजावे. त्या पाच मिनिटांत खिडकीच्या काचेजवळ मात्र उभे राहू नये. रशियातील चेल्याबिन्स्क येथे 15 फेब्रुवारी 2013 रोजी सुमारे 20 मीटर आकाराचा खडक आकाशात फुटला, तेव्हा प्रकाश पाहायला लोक खिडक्यांशी धावले आणि दोन मिनिटांहून अधिक वेळाने आलेल्या दाबलाटेने काचा फुटून सुमारे 1,500 माणसे जखमी झाली. काहीजण प्रकाशाबरोबरच सरसर किंवा फसफस असा बारीक आवाज आल्याचे सांगतात. त्यांना वेड्यात काढू नये. तेजाच्या झपाट्याने होणाऱ्या चढउतारांमुळे पाने, केस यांसारख्या वस्तू तापून निवतात आणि त्यांच्यालगतची हवा कंप पावते, असे त्याचे एक स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये मांडले आहे.

घराच्या किंवा गल्लीतल्या सीसीटीव्हीचे चित्रण लगेच जतन करावे, कारण ते काही दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे चित्रण चढते. कॅमेरा आकाशाकडे वळलेला नसला तरी हरकत नाही. खांबाची किंवा कठड्याची सावली जमिनीवर कशी फिरली, यावरून अग्निगोलाची दिशा आणि उंची काढता येते, आणि चेल्याबिन्स्कच्या वेळी तसे केले गेले. कॅमेऱ्याचे घड्याळ मोबाइलच्या घड्याळापेक्षा किती पुढे वा मागे आहे, ते आजच पाहून लिहून ठेवावे आणि कॅमेरा अजिबात हलवू नये. चित्रणाची मूळ फाइल ठेवावी. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या प्रतीची गुणवत्ता घटते आणि मूळ वेळेची नोंदही जाते.

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांचा गोतावळा सुरत, अहमदाबाद, इंदूर, देवास असा पसरलेला असतो, आणि या कामी तो खरोखर उपयोगी पडतो. 80 किलोमीटर उंचीवरचा अग्निगोल, आकाश निरभ्र असेल आणि क्षितिज मोकळे असेल तर, हजार किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. त्यामुळे त्या रात्री इंदूरच्या मावशीने किंवा राजकोटच्या मित्राने काही पाहिले का, हे जरूर विचारावे. विचारताना ‘तो हिरवा गोळा दिसला का’ असे न विचारता, ‘शनिवारी रात्री आकाशात काही पाहिलेस का, ते सांग’ एवढेच विचारावे. राजकोटच्या माणसाला तो पूर्वेला दिसला, तर त्याचा मार्ग आपल्या दोघांच्या मधे होता. त्यालाही तो पश्चिमेलाच दिसला, तर तो अरबी समुद्राकडे गेला, असे समजावे.

नोंद पाठवण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेचा अग्निगोल अर्ज. तो संकेतस्थळावर भरता येतो. त्यात आपली जागा नकाशावर दाखवायची असते आणि दिशा, उंची, अवधी, तेज, रंग, तुकडे, आवाज व मागे राहिलेली प्रकाशरेषा यांविषयी प्रश्न असतात. अमेरिकन मिटिऑर सोसायटीही याच पद्धतीने नोंदी घेते. अनेक ठिकाणांहून नोंदी आल्या की त्या एकाच घटनेखाली जोडल्या जातात. तुकडे झालेला आणि खालपर्यंत आलेला गोळा असेल, तर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेलाही लिहावे. 17 ऑगस्ट 2022 रोजी बनासकांठा जिल्ह्यात दियोदरजवळ रांटिला आणि रावेल या गावांत पडलेल्या अशनीचा, म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचलेल्या उल्केच्या दगडाचा, अभ्यास तिथेच झाला, आणि तो ऑब्राइट या दुर्मिळ प्रकारचा निघाला. भारतात पडलेल्या अशनींचा राष्ट्रीय संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, कोलकात्याला आहे.

सौराष्ट्रातून कोणी दगड सापडल्याचे कळवले, तर पुढील गोष्टी त्यांना सांगाव्यात. ताज्या अशनीवर जळाल्याने आलेले पातळ, बहुतेक वेळा काळे कवच असते. दगड आकाराच्या मानाने जड लागतो आणि त्याला बुडबुड्यांची छिद्रे नसतात. कारखान्याबाहेर पडलेली धातूची मळी आणि आपल्याकडचा काळा पत्थर यांमुळे सर्वाधिक फसगत होते. अशनी पडताना धगधगत नसतो, कारण प्रकाश विझल्यावर तो कित्येक किलोमीटर गार हवेतून खाली येतो. चुंबक लावून पाहण्याचा मोह टाळावा. त्यामुळे दगडातील मूळ चुंबकत्व नष्ट होते, आणि दियोदरसारख्या फिकट अशनीत लोह इतके कमी असते की, चुंबक चिकटला नाही म्हणून दगड फेकून दिला जाण्याची भीती असते. पत्र्याचा तुकडा, टाकी किंवा धातूचा गोळा मिळाला असेल, जसे मे 2022 मध्ये आणंद जिल्ह्यातील गावांत मिळाले, तर त्याला हात न लावता पोलिसांना बोलवावे, कारण प्रक्षेपकाच्या टाकीत विषारी इंधनाचे अवशेष असू शकतात. दगडच असेल तर उचलण्यापूर्वी जागेवर छायाचित्र घ्यावे, अक्षांश-रेखांश टिपावेत, न धुता स्वच्छ अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावा आणि विलंब न करता प्रयोगशाळेत पोहोचवावा. अवकाशातील किरणांमुळे त्यात तयार झालेली काही मूलद्रव्ये फार लवकर नाहीशी होतात. सोडियम-24 तर दर 15 तासांनी निम्मे उरते, म्हणून पहिल्या दिवशी आलेल्या दगडात जे मोजता येते ते आठवड्याने आलेल्या दगडात मोजता येत नाही.